गादीखालचं मशीन

आमच्या घरी पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याला माझा पलंग दाखवायची पद्धत पडली होती. नवीन फ्रिज घेतला तेव्हा फ्रिज दाखवायचे, बोअरला पाणी लागलं तेव्हा बोअर दाखवायचे, आणि माझ्या गादीखाली मशीन बसलं तेव्हापासून माझी खोली दाखवायला लागले. मी आत असले तरी. मी केस विंचरत असले तरी. दारावर टकटक करण्याची अक्कल आमच्या खानदानात आजवर कुणाला आलेली नाही, आणि आता येईल अशी मला आशा नाही.

मला झोपेत फिट येते. जागेपणी कधीच नाही. दहावीच्या वर्षापासून हे सुरू आहे आणि आता माझी चाळिशी उलटली. लग्न केलेलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्या बायांना मी तोंडावर सांगते, की तुमचे नवरे पाहिले म्हणून. वडनेर भोलजीला, हायवेपासून थोडं आत, आमचं घर आहे. मागे वांग्यामिरच्यांचं वावर, पुढच्या खोलीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. सातबारा, पीक विमा, जातीचा दाखला, पोरापोरींचे परीक्षेचे फॉर्म, सगळं माझ्याकडे येतं. स्वतःची जन्मतारीख ज्यांना धड सांगता येत नाही ती माणसं मला दिवसभर भेटतात, आणि जाताना तीच मला सांगतात की तुमच्या त्या फिटवर अमक्या गावचा एक जण झाडपाला देतो. मी पावती हातात देते आणि दार दाखवते.

माझ्या झोपेवर घरात जेवढे प्रयोग झाले तेवढे कृषी विद्यापीठात बियाण्यावर होत नसतील. सुरुवातीला मी पडू नये म्हणून गादी जमिनीवर घातली आणि भोवतीनं गव्हाचे कट्टे रचले. दोन वर्षं मी गोदामात झोपल्यासारखी झोपले. माझी एक आत्या होती, देव तिला सुखात ठेवो, तिनं उशीखाली जुनी चप्पल ठेवायचा हुकूम काढला. फिट आली की हुंगवायला कांदा वेगळा. सकाळी उठले की तोंडात रक्ताची चव, अंग कुणी बडवल्यासारखं दुखतंय आणि नाकाशी चप्पल, असे माझे तारुण्याचे दिवस गेले. चप्पल हुंगून कुणाची फिट थांबली, हे मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. पण हुंगवणाऱ्याला आपण काहीतरी केलं असं वाटतं, आणि आमच्याकडे तेवढंच महत्त्वाचं असतं.

मग माझा धाकटा भाऊ कर्ता झाला आणि त्यानं हायवेवरच्या वेल्डिंगवाल्याकडून पलंग करून घेतला. चारी बाजूंनी लोखंडी अँगलचा कठडा. वासरू दवाखान्यात न्यायला टेम्पोला लावतात तसला. भाऊ त्यावर इतका खूश होता, की रंग वाळायच्या आत त्यानं त्याचे फोटो नातेवाइकांना पाठवले. पहिल्याच महिन्यात माझं कपाळ त्या अँगलवर आपटलं आणि सहा टाके पडले. मी पडू नये म्हणून ह्या शहाण्यानं मला डोकं आपटायला लोखंड आणून दिलं होतं. त्यावर उपाय म्हणून कठड्याला जुन्या गोधड्या बांधल्या. मग आत वारा येईना. जळगाव जामोदकडून आलेली एक चुलत मावशी तो पलंग पाहून म्हणाली, “पोरीले बरं मखर केलं गा!” आणि सगळे हसले.

शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी भावाला समोर बसवून साध्या भाषेत सांगितलं. पडण्याची फार भीती नाही, पलंग बुटका करा आणि कोपरे काढून टाका. भीती दुसरीच आहे. गाढ झोपेत फिट आली, तोंड उशीत रुतलं आणि जवळ कुणी नसलं, तर श्वास कोंडून माणूस जाऊ शकतो. कुणीतरी वेळेवर यायला पाहिजे आणि कुशीवर वळवायला पाहिजे. तोंडात काही कोंबायचं नाही, काही हुंगवायचं नाही. भाऊ सगळा वेळ मान हालवत होता. बाहेर आल्यावर पायऱ्यांवरच त्यानं मला विचारलं, “म्हंजे मंग उशी कोन्त्या कंपनीची घ्याची?”

तर प्रश्न एवढाच होता, की मला फिट येईल तेव्हा जवळ कोण असेल. आई होती तोवर ती माझ्याशेजारी झोपायची. ती गेली आणि ते काम भावजयीकडे आलं. चार वर्षं ती बाई माझ्या खोलीत चटई टाकून झोपली. तिच्याबद्दल मला त्या काळात काय वाटायचं ते मी लपवत नाही. कॅलेंडर पाहिल्याशिवाय नखंही न कापणारी बाई. अंगाला बामाचा वास, मोबाइलवर मोठ्या आवाजात कीर्तन, आणि झोपेत घोरणं असं की फिट आली तरी तिलाच आली असं वाटावं. माझ्याशी बोलायला तिच्याकडे तीनच विषय होते: चतुर्थी, वांग्यावरची अळी आणि माझी तब्येत. मी पुस्तक वाचायला लागले की ती विचारायची, “ताई, लाइट बंद करू काय?” चाळिशीच्या बाईला स्वतःचं दार लावून घेता येत नसेल, तर ती जगली काय आणि मेली काय, असं मला तेव्हा खरोखर वाटायचं.

मशीन आलं ते माझ्या ह्या दुःखामुळे आलं असं कुणी समजू नये. भावाला त्याची बायको परत हवी होती. चार वर्षं त्यानं कुरकुर केली आणि मग त्याच्या पुण्याच्या मित्रानं इंटरनेटवरून ते मागवून दिलं. गादीखाली घालायचा एक पातळ, रबरासारखा पट्टा. त्याची वायर पलंगाशेजारच्या डबीत जाते. माणूस कूस बदलतो, पाय झाडतो, ते सगळं पट्ट्याला कळतं पण तो गप्प बसतो. एकसारखे झटके काही सेकंद चालू राहिले, की मात्र दुसऱ्या खोलीत ठेवलेली जोडीची डबी कोकलायला लागते. सोबत एक उशी होती, आरपार भोकं असलेली, म्हणजे तोंड रुतलं तरी हवा मिळावी. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. ते मी वाचलं. घरात दुसरं कुणी वाचणार नव्हतंच, पण मी वाचून सांगितलेलं तरी ऐकावं? नाही. भावानं तो पट्टा आमच्या कापसाच्या गादीखाली घातला. पिंजाऱ्यानं दाबून भरलेली, दोघांना उचलत नाही अशी गादी. मी वर बसून दोन्ही मुठींनी गादी बडवली. डबी ढिम्म.

“मशीन बिघडेलच हाय,” भाऊ म्हणाला. “वापस करून टाकू.”

“गादी जाड आहे. पातळ फोमची लागते. त्यात लिहिलंय.”

“आईनं भरून घेतलेली गादी हाय ना थे! घरच्या कापसाची!”

पंधरा दिवस तो पट्टा त्या गादीखाली मुका पडून होता आणि ह्याच्या मते दोष मशीनचा. शेवटी मी खामगावहून स्वतः फोमची गादी आणली, लोखंडी पिंजरा भंगारात घातला, बुटका लाकडी दिवाण घेतला आणि किती जोराच्या झटक्याला डबीनं ओरडायचं तो आकडा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे लावला. तिसऱ्या आठवड्यात डबी वाजली. भाऊ धावत आला, त्यानं मला कुशीवर केलं, आणि सकाळी मला ते सांगण्यात आलं. मशीन काम करत होतं.

त्या दिवसापासून मी माझ्या खोलीचं दार लोटून घेऊन झोपायला लागले. मला किती आनंद झाला ते सांगते. पहिल्या रात्री मी दिवाणावर आडवीतिडवी पसरून झोपले. दोन दिवे लावून वाचत बसले. एकटीच मोठ्यानं हसले एकदा, काही कारण नव्हतं. वयाच्या सोळाव्या वर्षापासून मी झोपताना कुणीतरी माझ्याकडे पाहत होतं; आता कुणी पाहत नव्हतं. डॉक्टरांनी अट घातली होती ती एवढीच, की दार लोटायचं, आतून कडी लावायची नाही. मी मान्य केलं होतं.

आणि मग सुरू झाला तो पलंग दाखवण्याचा कार्यक्रम. भावाचे मित्र, त्याच्या बायकोच्या माहेरचे, बियाण्याच्या कंपनीचा माणूस, सगळ्यांना मशीन पाहायचं होतं. डबी वाजल्याशिवाय पाहणाऱ्याचं समाधान होत नाही, म्हणून भाऊ स्वतः माझ्या दिवाणावर पडून वाजवून दाखवायचा. एका रविवारी मी दुकानातून आत आले तर दारात चार माणसं उभी, आणि माझ्या गादीवर माझा भाऊ. मान एका बाजूला वळवलेली, डोळे पांढरे, जबडा आवळलेला, एक हात छातीशी वाकडा, पाय थडाथडा आपटतोय. पलीकडच्या खोलीत डबी ओरडायला लागली. पाहुणे खूश. त्यांच्यातला एक जण म्हणाला, “खरंच असंच होते काय?”

स्वयंपाकघरातून माझ्या भावजयीचा आवाज आला, “नाही. पयले उजवा हात वाकडा होते. डावा नाही.”

भावानं लगेच हात बदलला.

मला फिट आलेली मी कधीच पाहिलेली नव्हती. कशी पाहणार? पंचवीस वर्षं माझ्या अंगात जे होत होतं ते गावातल्या निम्म्या बायांनी पाहिलं होतं, मी सोडून. ते मी त्या दिवशी माझ्या भावाच्या अंगावर पाहिलं, चार परक्या माणसांच्या मागे उभी राहून. लाज वाटली आणि लाजेपेक्षा संताप जास्त झाला. मी पाहुण्यांना हाकललं, भावाला जे तोंडाला येईल ते बोलले. तो उठून शर्ट नीट करत म्हणाला, “मंग काय झालं बे? त्याइले समजून सांगत होतो.” मला तो बे म्हणतो. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी आहे.

त्यानंतर त्या घरातल्या माणसांशी बोलायचंच नाही, असं मी ठरवलं. दिवसभर दुकानात मी माणसांना एकेक रकाना तीनतीनदा समजावून सांगते. घरात मात्र तोंड उघडायचा मला कंटाळा यायला लागला. मूर्खांच्या कुठे तोंडी लागायचं? जे करतील ते करू द्यावं, आपण खोलीत जाऊन दार लोटावं. हे मला फार शहाणपणाचं वाटत होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी औजारांची पूजा असते. वर्षभर राबलेल्या वस्तूंना एक दिवस विसावा, म्हणून पूजेत ठेवलेल्या वस्तूला त्या दिवशी कामाला लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उचलायचं. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवतात, कारण चिरायची पावशी पूजेत. मी पहाटे चारला उठून घर पुसायला मदत केली होती. अंघोळ करून खोलीत आले तर गादी एका बाजूला उलथी टाकलेली, आणि दिवाणावर नुसती फळी.

पट्टा आणि दोन्ही डब्या देवघरापुढे लाल फडक्यावर होत्या. सब्बल म्हणजे लोखंडी पहार, विळे, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरच्या चाव्या, आणि ह्या सगळ्यांच्या मध्ये माझं मशीन. डबीच्या ज्या बारीक भोकांतून आवाज येतो त्यांवर हळदीकुंकवाची बोटं उमटवलेली. वर झेंडूचं फूल. भावजय हात जोडून उभी होती.

“हे इथं काय करतंय?”

“औजारच हाय ना ताई थे,” ती म्हणाली. “घरातल्या सगळ्याइत जास्त काम तेच करते. तुमचा जीव राखते. त्याले कसं सोडाव पूजेतून?”

“आणि आज मी झोपायचं कसं?”

“आजच्या दिवस त्याले हात नाही लावत. म्या इचार केला ना. आज मी झोपतो तुमच्यापाशी, पयलेसारखी.”

मी तिला दोन वाक्यांत सांगू शकले असते. हे औजार नाही, ह्याला सुट्टी देता येत नाही, पूजा झाली असेल तर आत्ता परत लाव. ती ऐकणारी बाई होती, हट्टी नव्हती. फार तर देवाची माफी मागून तिनं ते उचललं असतं. पण मी बोललेच नाही. भोकांत गेलेलं ते कुंकू पाहून मला त्या घराची, त्या फुलाची, तिच्या जोडलेल्या हातांची इतकी किळस आली, की ह्यांना समजावणं म्हणजे आपली इज्जत घालवणं असं वाटलं. मी नुसती हसले. कशी हसले असेन ते मला माहीत आहे.

दुपारी पुरणपोळीचं जेवण झालं. पहाटेची उठलेली, त्यात पोटभर पुरण, डोळे मिटायला लागले. मी खोलीत गेले. गादी सरळ केली, वर चादर घातली. वळून पाहते तर भावजय दारात. हात ओले, काखेत चटई.

“पडता काय ताई? मंग मीही पडतो इथीसा. भांडे मंग घासतो.”

मी तिच्या तोंडावर दार लावलं आणि आतून कडी घातली.

पुढचं मला भावानं सांगितलं आहे, मी त्यातलं काही पाहिलेलं नाही. भावजय गेलीच नाही. दाराबाहेर चटई टाकून तिथेच बसली. तो ट्रॅक्टर धुवायला मागे होता. काही वेळानं आत दिवाण थडथडायला लागला आणि तिची हाक आली. ती हाक साधी नव्हती, म्हणाला. हातातला पाइप टाकून तो धावला, पण तो पोचायच्या आत तिनं देवापुढची सब्बल उचलली होती. त्या दिवशी जिला बोट लावायचं नाही ती कुंकवाची सब्बल. तिसऱ्या घावाला कडी तुटली. मी पालथी होते. भोकांची उशी खाली पडलेली, आणि तोंड गादीच्या फोममध्ये. तिनं एकटीनं मला वळवलं. ओठ काळेनिळे पडले होते, असं तो म्हणतो. तिनं मान सरळ केली, तोंडातली लाळ बोटानं काढली, आणि मी श्वास घेईपर्यंत माझी हनुवटी धरून बसली.

मला जाग आली तेव्हा खोलीत दुपारचं ऊन आलेलं होतं. दाराची चौकट एका बाजूनं फुटली होती. फरशीवर कुंकू सांडलेलं आणि झेंडूच्या पाकळ्या. माझं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि भाऊ तिच्यावर ओरडत होता.

“कोनं सांगतलं होतं तुले मशीन काढाले? अक्कल गहान ठेवली काय? मेली असती ना थे! पूजा लागली तुले!”

मी शुद्धीत होते, सगळं ऐकत होते. त्याला थांबवावं असं मला सुचलं, पण मी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. ह्या घरातल्या मूर्खपणाला एकदा तरी कुणी मूर्खपणा म्हणत होतं.

मग तो गाडी काढायला बाहेर गेला, मलकापूरला दवाखान्यात न्यायचं म्हणून. खोलीत आम्ही दोघीच उरलो. तिच्या तळहाताला सब्बलीनं फोड आले होते. पदरानं माझ्या मानेवरचा घाम पुसता पुसता ती म्हणाली, “हाव, मशीन म्या काढलं. थे माह्यं चुकलं, ताई. जलमभर नाही इसरत मी.”

पुसून झाल्यावर तिनं पदर खांद्यावर घेतला. आवाजात राग नव्हता. एखाद्या फॉर्मवर काय लिहायचं ते कळत नसलं की बाया मला विचारतात तसं तिनं विचारलं, “पन मी बाहीरच होतो ना. मंग कडी काऊन लावली?”

मी तोंडावर हात ठेवला आणि जीभ चावली गेली आहे, बोलता येत नाही, अशी खूण केली. तिनं लगेच “राहू द्या, राहू द्या” म्हणून पाण्याचा पेला माझ्या ओठांना लावला. जीभ थोडीशीच चावली गेली होती. बोलता येत होतं.